छपरावरचा माळ

जून महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी वाव्रांच्या घराची उत्तरेची भिंत बसली. कोसळली नाही, बसली. दोन आठवडे पाऊस झोडपत होता, भिंत आधीच पोटाशी फुगली होती, आणि दमलेल्या माणसाने खुर्चीत अंग टाकावं तशी ती खाली आली. फोन वर्ना सेडलाचेकचा होता. वर्ना वसाहत समितीची अध्यक्ष. वय एकोणऐंशी, त्यातली चाळीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेलेली, त्यामुळे फोनवरही ती समोर वर्ग बसल्यासारखी बोलते.

"लू, उत्तरेची भिंत गेली."

"हं."

"हं काय? मी काय म्हणाले ते ऐकलंस का?"

"ऐकलं. भिंत गेली. आत कोणी होतं?"

"सकाळी सात वाजता कोण मरायला जाणार आहे आत?"

"मग बरंय," लुमिर झादिना म्हणाला आणि त्याने निवलेली कॉफी एका घोटात संपवली.

खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायलाही अंगात थोडा जोर लागतो. त्याला फक्त दमल्यासारखं झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने स्वतःसाठी एकही घर बांधलं नव्हतं, राहतं घर वडिलांकडून आयतं मिळालं होतं. पण वाव्रांचं घर मात्र त्याने तीनदा बांधलं होतं: एकदा शहात्तर साली, एकदा एक्याण्णवमध्ये आणि एकदा दोन हजार सहामध्ये. ज्यांनी ते पहिल्यांदा बांधलं, ते वाव्रा शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यात राहिले मोजून सहा वर्षं. सातव्या वर्षी त्यांनी लाकडाचं घर उभं केलं आणि या घरात डुकरं बांधली. पण हे नोवा लिपामध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही.

नोवा लिपा म्हणजे नेब्रास्कातलं चारशे वस्तीचं गाव. युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या अकरा कुटुंबांनी वसवलेलं. गावाच्या टोकाला त्यांची जुनी वसाहत जपून ठेवलेली आहे: लाकडी शाळा, लोहाराची भट्टी, गोठ्यापेक्षा थोडंसंच मोठं चर्च, आणि या सगळ्यांत ज्याचा फोटो काढल्याशिवाय पाहुणा परत जात नाही ते वाव्रांचं ढेपांचं घर. ती माणसं आली तेव्हा इथे झाड नव्हतं आणि दगडही नव्हता. होता तो फक्त माळ. माळाची माती गवताच्या मुळांनी इतकी घट्ट विणलेली की नांगर घातला की तिची सलग पट्टी निघायची. ती फावड्याने तोडली की दोन हात लांब ढेप तयार. गवताची बाजू खाली करून विटेसारख्या ढेपा रचत जायच्या. छपरावर मात्र त्या गवत वर करून टाकायच्या, म्हणजे घराला हिरवी टोपी घातल्यासारखं दिसतं. असं घर पंधराएक वर्षं टिकतं. मग आतली मुळं मरतात, आणि लुमिरला फोन येतो.

समितीची बैठक वर्नाच्या स्वयंपाकघरात बसली. समितीत सात माणसं असली तरी आली तिघंच: वर्ना, लुमिर आणि शेजारच्या शेताचा ड्वेन क्लिमेश. ड्वेन पन्नाशीचा होता, म्हणून समितीत त्याला तरुण समजत. ट्रॅक्टरही त्याचाच होता. वर्नाने खसखशीचे कोलाचे ताटात मांडले होते. मधे सारण भरलेले हे गोड पाव ती कुणाकडे काही मागायचं असलं की आधी भाजते. ताट बघितल्याबरोबर लुमिरने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी वाव्रा येणार आहेत," वर्ना म्हणाली. "एकशे चाळीस माणसं. थेट ओरेगॉनपासून. लिबुशे वाव्रासुद्धा येतेय ओमाहाहून, एक्याण्णव वर्षांची आहे. तिची आजी त्या घरात जन्मली. तिला मी काय दाखवू? चिखल?"

"माझ्या कुरणातल्या ढेपा चालतील का बघा," ड्वेन म्हणाला. त्याने येताना एक ढेप पोत्यात घालून आणली होती. ती त्याने मोठ्या कौतुकाने टेबलावर ठेवली. पोतं काढल्याबरोबर तिचे चार तुकडे झाले आणि वर्नाच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर माती पसरली.

"पेरलेलं गवत आहे हे," लुमिर म्हणाला. "याला मुळं कुठली."

"तेच बघत होतो," ड्वेन ओशाळून म्हणाला आणि हाताने माती गोळा करायला लागला. "एक कंपनी आहे म्हणे, सिमेंटच्या पाट्या करते. वरून रंग देतात, अगदी ढेपेसारख्या दिसतात."

"वा! मग मलापण काढून टाका आणि तिथे एक प्लास्टिकची बाई बसवा. डोक्याला रुमाल बांधून," वर्ना म्हणाली. "ड्वेन, ती माती राहू दे रे. पसरवतो आहेस नुसती."

पण दोघांनीही लुमिरकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. कधीच नांगर न लागलेली जमीन सगळ्या तालुक्यात आता एकाच ठिकाणी उरली होती, लुमिरच्या घरामागच्या टेकाडावर. बाकी सगळीकडे क्षितिजापर्यंत मका होता. पहिली तिन्ही घरं त्याच टेकाडाच्या ढेपांची. शहात्तर साली तिथे चार एकर माळ होता. प्रत्येक घराने एकेक एकर खाल्ला, आता एक उरला होता. आणि जिथून ढेपा काढल्या तिथे माळ परत आला नाही. तिथे काटे आले आणि कुठून कुठून उडून आलेलं रानटी गवत आलं. ज्या मातीवर वाव्रा उतरले ती माती खोदून खोदून ही मंडळी त्यांची आठवण जपत होती, आणि यात काही चुकतंय असं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एका माणसाखेरीज कुणालाच वाटलं नव्हतं.

ते एक माणूस म्हणजे अल्बिना, लुमिरची बायको. चार वर्षांपूर्वी ती गेली.

"ठीक आहे," लुमिर म्हणाला.

नाही म्हणायचं तर उठून उभं राहावं लागलं असतं, कारणं द्यावी लागली असती, वर्नाच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. ठीक आहे म्हणायला काहीच लागत नाही. दोन कोलाचे खाऊन तो घरी आला आणि बूट न काढताच पलंगावर आडवा झाला.

अल्बिना जेमतेम पाच फूट उंच होती आणि लुमिर सहा फूट दोन इंच. चर्च सुटलं की तो गाडीपाशी पोचून किल्ली काढायचा तेव्हा ही अजून पायऱ्यांवर असायची. "लू, हळू चाल ना! मी काय बकरी आहे उड्या मारत यायला?" लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ती हे म्हणाली, आणि पन्नास वर्षं म्हणत राहिली. तो दर वेळी थांबायचा, ती आली की पुन्हा त्याच चालीने निघायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे पाय लांब होते, एवढंच.

तिसऱ्यांदा ढेपा काढायच्या ठरल्या तेव्हा ती दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. ती भांडली असती तर त्याला परवडलं असतं. पंधराव्या दिवशी ती हातमोजे घालून अंगणात आली आणि म्हणाली, "भिंतींचं तुझं तू बघ. छप्पर मी करणार. एकटी. छपराच्या ढेपा मी निवडणार आणि मीच लावणार." लुमिरला हायसं वाटलं, बाईचा राग निवळला म्हणून. साठीची बाई आठवडाभर शिडीवर चढउतार करत होती. नंतरही दर वसंतात ती शिडी मागायची आणि छपरावर जाऊन बसायची. तण काढते म्हणायची. गावातली माणसं तिला छपराची मालकीण म्हणून चिडवायची, आणि सगळ्यांत जास्त चिडवायचा लुमिर. तो स्वतः कधी वर गेला नाही. त्याचा गुडघा धरायचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मात्र जावंच लागलं. उरलेल्या तीन भिंतींवर छपराचं ओझं होतं, ते आधी उतरवायला हवं होतं. ड्वेनने ट्रॅक्टरची ट्रॉली भिंतीला लावली आणि खाली उभा राहिला. लुमिर शिडीच्या एकेका पायरीवर दम खात वर चढला, आणि वर गेल्यावर तिथेच बसला.

"काय झालं?" ड्वेन खालून ओरडला. "चक्कर आली का, मिस्टर झादिना?"

"नाही."

"मग?"

"गप्प बस जरा."

छप्पर अर्धं मेलेलं होतं. चार वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, मधली दोन कोरडी गेली होती. पण जे अर्धं जिवंत होतं ते बघून लुमिर हबकला. टेकाडाच्या पश्चिम उतारावरचं ते निळसर दांड्याचं गवत तिथे होतं. खाली मान घातलेली, केसाळ देठांची जांभळी फुलं येणारी रोपं होती. त्यांचा बहर वसंतातच सरतो, पण पानं त्याने लगेच ओळखली. रोजच्या वाटेवर पंधरा वर्षांत न दिसलेली एक पिवळी वेल होती. हे सगळं त्याच्या शेतातून केव्हाच संपलेलं होतं. त्यानेच संपवलेलं.

त्याने एका ढेपेखाली फावडं सरकवलं तर टण्ण आवाज झाला. माती बाजूला केली तेव्हा मुरंब्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण निघालं. लांब खिळ्याने ते ढेपेत ठोकलेलं होतं. त्यावर दुसऱ्या खिळ्याने अक्षरं कोरलेली होती. अक्षर अल्बिनाचं. बरण्यांवर लिहायची तसंच, सगळं एका बाजूला कललेलं.

"केसाळ जांभळी. विहिरीपासून बारा पावलं, उताराकडे."

पुढच्या ढेपेखालीही झाकण होतं. "गोड मुळाची वेल. कोपऱ्याच्या दगडापासून चाळीस, कुंपणाच्या दिशेने." त्याच्या पुढच्या ढेपेखालीही होतं. संध्याकाळपर्यंत त्याने एकशे बावन्न ढेपा उतरवल्या, आणि त्यांतल्या ज्या ज्या जिवंत होत्या त्यांची झाकणं एका पोत्यात भरली. रात्री ती घरी टेबलावर पसरून तो बघत बसला. रोपाचं नाव लिहिलं हे समजण्यासारखं होतं, बाई हौशी होती. पण ढेप कुठून काढली, किती पावलांवरून, हे कोणी का लिहून ठेवेल? वस्तू परत जागेवर ठेवायची असेल तरच माणूस असं लिहितो.

हे कळायला त्याला पंधरा वर्षं लागली होती. ती चिडून छपरावर जाऊन बसली नव्हती. तो खाली भिंतींसाठी जे मारत होता, त्यातलं जेवढं दोन हातांनी उचलता आलं तेवढं तिने वर, गवत आकाशाकडे करून, ठेवून दिलं होतं. आणि त्याने तिला छपराची मालकीण म्हटलं होतं. लुमिरला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने डोळे पुसले नाहीत, कारण घरात बघणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वर्नाकडे गेला आणि दारातच उभं राहून म्हणाला, "मी ढेपा काढणार नाही."

"आत ये आधी."

"आत आलो की तू खायला घालशील. इथेच सांगतो. टेकाडाला नांगर लागणार नाही."

"पाच आठवड्यांवर आलंय, लू! एकशे चाळीस माणसांनी तिकिटं काढलीत!"

"येऊ देत. तीन भिंती आहेत, त्या बघतील."

"तीन भिंती आणि वर आभाळ! लोक म्हणतील, या म्हाताऱ्यांना एक घर सांभाळता येत नाही."

"म्हणू देत. नाहीच येत."

वर्नाचा चेहरा लाल झाला. "तू दमलास म्हणून सांग ना सरळ! तुला काय वाटतं, तू एकटाच दमलायस? तेहतीस वर्षं मी त्या शाळेच्या खिडक्या पुसतेय. माझ्यामागे हे करायला कोण आहे? ड्वेन? ड्वेनला चर्चची किल्ली कुठली आणि शाळेची कुठली हे अजून कळत नाही! ते घर गेलं की बाकीचं सगळं जाईल. मग कुणी कशाला येईल इथे? मका बघायला?"

खिशातून मूठभर झाकणं काढून लुमिरने तिच्या ओंजळीत ठेवली. अल्बिना वर्नाची मावसबहीण, दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या. अक्षर तिला दाखवावं लागलं नाही. तिने एक झाकण वाचलं, मग दुसरं, मग चष्मा लावून पुन्हा पहिलं.

"ही शुद्ध बदमाशी आहे," ती म्हणाली. "मला एका शब्दाने बोलली नाही."

"तू समितीची अध्यक्ष होतीस."

"म्हणून काय झालं?" वर्ना पायरीवर बसली. बसताना तिचे दोन्ही गुडघे वाजले. "ढेपा कुठे आहेत आत्ता?"

"माझ्या झाडांच्या रांगेत, सावलीला. कालपासून पाणी घालतोय."

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी जगतील असं वाटतंय."

"उन्हाळ्यात लावू नकोस. मरतील." एवढं बोलून तिने झाकणं त्याला परत दिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. राग गेला नव्हता, तो दारावर निघाला.

ते पाच आठवडे लुमिरने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. उन्हं अशी पडली की मक्याची पानंसुद्धा गुंडाळली गेली. दिवसातून दोनदा, झारीने, एकेका ढेपेला. नळी लावली तर माती वाहून जायची. पाठ सरळ होईना. एक सकाळ अशी गेली की तो झारी भरून नळापाशीच बसून राहिला, आणि मरू देत मेल्या तर, असं मोठ्याने म्हणाला. मग उठला. उठला नसता तर टेकाड वाचवूनही हरला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वाव्रा आले ते एकशे चाळीस नव्हे, त्र्याण्णव. सगळ्यांनी एकसारखे पिवळे सदरे घातले होते. वर्ना जुन्या पद्धतीचा झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून शाळेच्या दारात सकाळपासून उभी होती आणि घामाने भिजली होती. शाळा, भट्टी, चर्च असं करत सगळे ढेपांच्या घरापाशी आले आणि थांबले. तीन भिंती, मधे सारवलेली जमीन, वर आभाळ. वर्नाने घसा साफ केला. तिने पाठ केलेलं भाषण तिला आठवेना, हे लांब कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या लुमिरला कळलं, कारण ती रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. त्याला अपराध्यासारखं वाटलं.

"छप्पर कुठे गेलं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"छप्पर..." वर्ना म्हणाली.

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून लिबुशे वाव्रा पुढे आली. तिने एकेक भिंत नीट बघितली. "फारच छान दिसतंय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझ्या आजीने हे असं बघितलं असतं तर तिला आनंद झाला असता."

"असं? म्हणजे पडलेलं?" वर्नाने विचारलं.

"मग काय! या घराला ती आयुष्यभर शिव्या घालत होती. पाऊस थांबला तरी पुढे दोन दिवस छपरातून चिखल गळायचा, भाकरीच्या पिठात माती, आणि एकदा तर पाळण्यात साप पडला. पाळण्यात तीच होती, म्हणून तिच्या आईचे केस एका उन्हाळ्यात पांढरे झाले, असं सांगायची. लाकडाच्या घरात गेल्यावर यात डुकरं बांधली तेव्हा ती टाळ्या वाजवत होती म्हणे." पिवळ्या सदऱ्यांत हसण्याची लाट गेली. म्हातारीने हात वर केला. "पण एक सांगते. दारातून दिसायचा तो माळ, त्याची तिला फार आठवण यायची. गवत तिच्या बापाच्या खांद्याला लागायचं. ते कुठे आहे?"

वर्नाने लांबवर कुंपणाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. लुमिर कुंपण सोडून दोन पावलं पुढे आला.

"थोडं आहे," तो म्हणाला. "एक एकर. गाडी वरपर्यंत जाते."

सगळे आले नाहीत. तिकडे बदकाचं जेवण तयार होतं आणि ऊन होतं. चौदा जण आले. लिबुशेची खुर्ची गवतात रुतली तेव्हा ती तिथेच थांबली. गवत तिच्या खांद्याला लागत होतं, बसलेली होती म्हणून. तिने एक दांडा मुठीत धरला. खूप वेळाने तिने गाडीकडे बोट केलं, आणि तिला परत नेण्यात आलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर वर्नाने रुमाल सोडला आणि शाळेच्या पायरीवर बूट काढून बसली. "आता मला नको म्हणूस," ती लुमिरला म्हणाली, "की तू बरोबर होतास म्हणून."

"मी काहीच म्हटलं नाही."

"तेच ते. तोंड बघ तुझं." ती पायाची बोटं चोळत राहिली. "लावायला मी येईन. सप्टेंबर संपू दे."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा गारवा मातीत उतरला तेव्हा त्यांनी सुरुवात केली. ड्वेनने अठ्ठ्याऐंशी ढेपा ट्रॉलीतून वर आणून दिल्या आणि तो मका काढायला गेला. लुमिरने पहिलं झाकण वाचलं, कोपऱ्याच्या दगडापासून चाळीस. तो दगडाला टाच लावून निघाला. एकोणचाळीसला त्याने कुंपण ओलांडलं आणि चाळिसाव्या पावलाला तो ड्वेनच्या मक्यात उभा होता.

"हे काय?" वर्नाने ट्रॉलीपासून विचारलं.

"मोजताना चुकलीय ती."

"अल्बिना? चुकली?"

त्याने दुसरं घेतलं. विहिरीपासून बारा, उताराकडे. बारा पावलांनी तो खणलेली जागा सगळी ओलांडून पलीकडच्या जुन्या गवतात गेला. तिथे ढेपेला जागाच नव्हती. त्याने झाकण उलटंपालटं करून पाहिलं. तीन महिने झारी धरून जगवलेल्या ढेपा आता कुठेही टाकाव्या लागणार असं वाटून त्याने झाकण खिशात कोंबलं.

"लू," वर्ना म्हणाली, "तुझे पाय नाहीत ते. तिचे आहेत."

त्याने आपल्या बुटांकडे बघितलं.

"ती केवढीशी होती! तू चालतोस तसं ती कधी चालली होती?"

लुमिर विहिरीपाशी परत आला. त्याने टाच कठड्याला लावली आणि पाऊल टाकलं, ते लांब पडलं. परत आला. पुन्हा टाकलं. असं चालायची त्याच्या पायांना सवयच नव्हती. मांड्या ताठ होत होत्या, पाऊल आपोआप पुढे पळत होतं, ते दर वेळी आवरून धरावं लागत होतं. एक. दोन. तीन. चर्चच्या पायऱ्यांपासून गाडीपर्यंत तिला किती चालावं लागत असेल ते त्याच्या पायांना पहिल्यांदाच कळलं. सात. आठ. एवढं सोपं होतं हे, एवढंच मागत होती ती पन्नास वर्षं. अकरा. बारा.

तो थांबला. बुटाच्या टोकापाशी काट्यांमध्ये एक चौकोनी खळगा होता, कडा झिजलेल्या, दोन हात लांब. त्याने काटे उपटले, ढेप आणली आणि गवताची बाजू वर करून खळग्यात बसवली. ती नीट बसली. मग तो तिथेच गुडघ्यांवर बसून रडला, आणि वर्ना ट्रॉलीकडे तोंड करून उभी राहिली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सत्याऐंशी राहिल्यात. चल, दिवस लहान आहे," आणि पुढचं झाकण घेऊन तरातरा दगडाकडे निघाली.

"हळू चाल," लुमिर मागून म्हणाला. "मी काय बकरी आहे?"